नजरेच्या टप्प्यात

बाळाबाईने अबोलीचं मनगट असं धरलं होतं की पोरीला जागचं हलता येईना.

"सोडा ना मावशी. मला पळायचंय."

"ता दिसतंय मना," बाळाबाई म्हणाली आणि दुसऱ्या हाताने तिने डोक्यावरची टोपली सावरली. ओहोटी गाठून खाडीत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायला निघालेल्या तिच्या दोन सोबतिणीही रस्ता अडवून उभ्या राहिल्या. "आयस मागशी धावत येते न तू पुरं पलतेस? कोन हाय तो? कुठं उबा हाय?"

"कोणी नाहीये हो. पाहिजे तर आईला विचारा."

पण आईला विचारायची सोय नव्हती. नंदिनी तिथवर पोचली तेव्हा तिचा दम इतका उखडला होता की तोंडातून शब्द फुटेना. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ती वाकली आणि 'सोडा तिला' म्हणून तिने एक हात वर केला. बाळाबाईने त्याचा अर्थ 'सोडू नका' असा घेतला आणि पकड आणखी घट्ट केली. नंदिनीचा पदर कमरेला खोचलेला, अंबाडा सुटलेला, चेहरा लालबुंद. पळून चाललेल्या मुलीमागे धावणारी आई जशी दिसायला हवी तशीच नंदिनी दिसत होती. पायातले पांढरे कॅनव्हासचे बूट तेवढे विसंगत होते, पण पहाटेच्या त्या उजेडात बूट कोण बघतं.

"पोलीस..." नंदिनी कशीबशी म्हणाली.

"पोलिसान नको जाव बाय," बाळाबाईने तिची समजूत घातली. "पोर हाती घावली ना? घरा ने. दोन मुस्काटात दे. पोलिसान कनाला?"

अबोलीला हसू आवरेना, आणि हसणारी मुलगी पाहून तिघी आणखीच चिडल्या. शेवटी नंदिनीला श्वास सापडला. मुलगी कुणाबरोबर पळून चाललेली नाही, तिला पोलीस भरतीत उतरायचंय, त्यासाठी ती रोज पळण्याचा सराव करते, आणि मी तिच्या सोबतीला येते, असं तिने तुकड्यातुकड्याने सांगितलं. बाळाबाईने मनगट सोडलं, स्वतःच ते चोळून दिलं आणि मग नंदिनीकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"सोबत मंजे बरोबर नं? तू तं लय मागं व्हतीस."

नंदिनीने सुटलेला अंबाडा पुन्हा बांधायला घेतला.

सुधीर, म्हणजे नंदिनीचा नवरा, तसा कशालाच 'नाही' म्हणत नसे. तो अट घालत असे. लग्नानंतर नंदिनीने शिलाईचं मशीन मागितलं तेव्हा त्याची अट होती की घरी पुरुष गिऱ्हाईक येता कामा नये. साडीला फॉल लावून घ्यायला पुरुष कशाला येतोय, असं काही नंदिनीने विचारलं नाही. मान डोलावली आणि मशीन आणलं. तेव्हापासून आसपासच्या बायकांच्या साड्यांना फॉल लावण्यात तिची दुपार जात असे.

शहाण्णव साली, बारावीनंतर दोन वर्षं इकडेतिकडे अर्ज करून झाल्यावर, अबोलीने पोलीस भरतीचं नाव काढलं. सुधीरने पेपराची घडी घातली आणि तो म्हणाला, "जा ना. सराव कर. पण एकटी नाही, आई बरोबर पाहिजे. आणि नुसती बरोबर नाही, तू तिला दिसत राहिली पाहिजेस. ज्या दिवशी दिसली नाहीस त्या दिवशी बंद."

यात दुष्टपणा काही नव्हता. तो वाढला परळच्या चाळीत, आणि अबोलीही शाळेत जाईपर्यंत तिथेच वाढली. चाळीत पोर गॅलरीच्या टोकाला गेलं तरी अख्ख्या मजल्याचे डोळे त्याच्या मागे असायचे. पावणे गावाजवळच्या रंगाच्या कारखान्यात सुपरवायझर झाल्यावर सुधीरने सानपाड्यात फ्लॅट घेतला, स्वतंत्र संडास मिळाला, बाल्कनी मिळाली, पण डोळे गेले. इथे दारं बंद आणि रस्ते रुंद. खाडीच्या कडेने नवीनच केलेल्या रस्त्यावर तर एका बाजूला तिवरांची झाडी आणि दुसऱ्या बाजूला उभी राहायची आहेत अशी शहरं. सुधीरला भीती वाटे. भीती वाटते असं म्हणायची सवय नसल्यामुळे तो त्याला अट म्हणे.

सकाळी नळाला पाणी यायची वेळ तीच, म्हणून पाणी भरायचं आणि चहा ठेवायचं काम त्याने स्वतःकडे घेतलं. सेक्टरातलं मैदान कंत्राटदाराच्या पाइपांनी भरलेलं होतं, म्हणून पळायचं रस्त्यावर. नंदिनीचा बेत असा होता की आपण कोपऱ्यावर नाल्याच्या मोरीच्या कठड्यावर बसावं आणि तिथून लक्ष ठेवावं. पण रस्ता थोडा सरळ जाऊन तिवरांच्या आड वळत होता, आणि खरा सराव व्हायचा तर त्या वळणापलीकडे पंपहाउसपर्यंत जाऊन यायला हवं होतं. सायकल घे, असं अबोली म्हणाली. नंदिनीला सायकल येत नव्हती. राहिलं पळणं, तेही येत नव्हतं, पण त्यात पडायची भीती कमी होती.

पहिल्या दिवशी ती दुसऱ्या दिव्याच्या खांबापर्यंत पळाली आणि बरगडीखाली कळ धरून खालीच बसली. चव्वेचाळीस वर्षांच्या आयुष्यात आपण शेवटचं कधी पळालो, हे तिला काही केल्या आठवेना. अबोली परत फिरून तिच्याजवळ आली.

"आई, एवढ्या जोरात नको. बोलता येईल इतपतच पळ."

"बोलू कोणाशी?"

"पाढे म्हण."

म्हणून नंदिनी एकोणिसाचा पाढा म्हणत पळू लागली. सुरुवातीला एकोणीस त्रिक सत्तावन्नला दम जाई. मग चौथ्या ओळीला, मग सहाव्या. पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडलं, पोटऱ्या इतक्या दुखल्या की मशीनचं पायडल मारताना ती तोंडातल्या तोंडात कण्हत असे. साडी पायात येते म्हणून तिने अबोलीचा जुना पंजाबी ड्रेस काढला, सलवारीचे पाय उसवून अरुंद करून घेतले आणि जन्मात पहिल्यांदा साडीशिवाय घराबाहेर पडली. दूधकेंद्रावर शेजारच्या मालतीबाई भेटल्या.

"अय्या, तुमी होय? मला वाटलं अबोलीची कोणी मैत्रीण आलीय."

हे काही खरं नव्हतं. तरी नंदिनीला ते दिवसभर पुरलं.

बाळाबाईही ओहोटीच्या वेळा जुळत तेव्हा रस्त्यात भेटे. पहिल्या भेटीचा प्रकार तिने सानपाडा गावात घरोघर सांगितलेला असणार, कारण आता त्या बाजूच्या बायका दोघींना ओळखत. अबोली पुढून गेली की बाळाबाई मागे वळून ओरडे, "चल गं बाय, पोर गेली, पोर गेली." नंदिनी हात वर करी. आता तिला हात वर करण्याइतका दम राहत होता.

हळूहळू पाढा संपू लागला. मग तो दोनदा म्हणून होऊ लागला. मग एक दिवस वळणावर पोचल्यावर नंदिनीच्या लक्षात आलं की आपण पाढा म्हणायचाच विसरलो. खाडीवरून खारट वारा येत होता, पाय आपले आपण पडत होते, आणि डोक्यात काहीच नव्हतं. भाजी नव्हती, गॅसचा सिलेंडर नव्हता, सासूबाईंचं श्राद्ध नव्हतं. तिला पळायला आवडायला लागलं होतं. हे तिने कोणाला सांगितलं नाही, कारण पळणं हे अबोलीचं काम, आपण नुसत्या सोबतीला, असं घरात ठरलेलं होतं.

दोघी घरी आल्या की सुधीर चहाचे कप पुढे करी आणि विचारी, "दिसत होती ना?"

"दिसत होती," नंदिनी म्हणे. आणि ते खरं असे. पुढे अबोलीची गुलाबी ओढणी, छातीवरून घेऊन कमरेला गाठ मारलेली, रोज तिला दिसत असे. नंदिनीला त्याचा अभिमान होता. पोरगी एवढी तरणी, रोज सराव करणारी, पण मी काही तिला नजरेआड होऊ दिलेली नाही.

नेरूळला एक निवृत्त हवालदार होते. ते रविवारी भरतीच्या मुलामुलींना मैदानावर घड्याळ लावून पळवत. दिवाळी झाल्यावर अबोली तिथे जाऊन आली आणि न बोलता आंघोळीला गेली. वेळेत बसली नव्हती. पुढच्या महिन्यातही बसली नाही. "पोरी, दम आहे तुझ्यात, पण जोर नाही. सराव फार मिळमिळीत करतेस तू," असं हवालदारांनी तिला सांगितलं. भरती फेब्रुवारीत होती, आणि पुढची कधी निघेल याचा नेम नव्हता.

"नशिबात असेल तसं होईल," सुधीर म्हणाला. नंदिनीला काही कळेना. रोज पळते, अंगात कसर नाही, मग जोर जातो कुठे?

त्याच आठवड्यात नंदिनीला सर्दी झाली. अंग मोडून आलं होतं, नाक बंद होतं. पण आपण गेलो नाही तर पोरीचा दिवस बुडणार, म्हणून ती गेली. धड पळवेना. थोडं पळे, बरंच चाले. आज ही नक्की दिसेनाशी होणार, असं वाटून तिने मान वर केली, तर ओढणी समोर होती. नेहमी दिसे तेवढीच. नंदिनी आणखी हळू झाली. ओढणी तेवढीच राहिली. ती थांबली, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली, मुद्दाम वेळ लावला आणि वर पाहिलं. वळणाच्या अलीकडे अबोली जागच्या जागी पाय हलवत उभी होती आणि मान मागे वळवून बघत होती.

नंदिनी तशीच रस्त्याच्या कडेला बसली. पहिल्या दिवशी ती दुसऱ्या खांबापर्यंत पळाली होती तेव्हाही ओढणी एवढीच दिसत होती. आज एवढ्या महिन्यांनंतरही एवढीच. आपण सुधारत गेलो हे खरं होतं, पण पोरीला गाठत गेलो हे खरं नव्हतं. तिला फार वाईट वाटलं. स्वतःची लाज वाटली आणि पोरीची माया आली, दोन्ही एकदम.

अबोली धावत परत आली. "काय झालं? चक्कर येतेय?"

"तू माझ्यासाठी थांबतेस."

अबोलीने ओढणीची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "नाय गं."

"अबोली."

"मग काय करू?" ती रस्त्याकडे बघत म्हणाली. "मी तुला दिसले नाही तर पप्पा बंद करणार. आणि तू खोटं बोलत नाहीस, मला माहितेय. म्हटलं, हळू का होईना, चालू तर राहील."

नंदिनीने कपड्यांची धूळ झटकली आणि ती उठली. घरी गेल्यावर सुधीरने विचारलं तेव्हा "दिसत होती" एवढंच म्हणाली आणि वाफ घ्यायला बसली. दोन दिवसांनी सर्दी उतरल्यावर कोपऱ्यावरच्या मोरीपाशी तिने अबोलीला थांबवलं.

"आज मागे बघायचं नाही."

"आई, पण पप्पा..."

"पप्पांचं मी बघते. तू पुढे बघ. जा."

अबोली गेली. तिचं ते पळणं नंदिनीने कधी पाहिलंच नव्हतं. एवढी पावलं उचलता येतात हिला? बघता बघता ओढणी लहान झाली आणि वळणावर तिवरांच्या आड गेली, आणि रस्त्यावर कोणी राहिलं नाही.

नंदिनी जागीच थबकली. सुधीरला रोज काय वाटत असेल ते तिला त्या एका क्षणात कळलं. एक डंपर खडखडत बाजूने गेला आणि त्याच वळणावर दिसेनासा झाला. नंदिनी पळत सुटली. पाढा नाही, बोलता येईल इतपत नाही, मुलीमागे आई पळते तशी पळाली. वळण गाठलं. पुढचा रस्ता मोकळा होता. त्याच्याही पुढचं वळण गाठलं. तिथे दोन कुत्री उठून भुंकली, तिने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. छातीत आग पडली होती. पंपहाउसची भिंत दिसायला लागली तेव्हा समोरून परत येणारी अबोली दिसली, घामाने निथळत, तोंडभर हसत.

"आई, तू इथपर्यंत आलीस?"

नंदिनीने मागे वळून पाहिलं. इथपर्यंत ती कधीच आली नव्हती.

घरी सुधीरने कप पुढे केला. "दिसत होती ना?"

"नाही."

चहाचा कप त्याच्या हातातच राहिला. अबोली दाराशी उभी होती, बूटही न काढता.

"नाही म्हणजे?"

"वळणापलीकडे गेली. मीच सांगितलं जा म्हणून." नंदिनीने त्याच्या हातातून कप घेतला आणि ओट्यावर ठेवला. "अहो, ती मला दिसत होती तोवर ती पळतच नव्हती. तुमची अट सांभाळत होती. आणि मी वेडी, मला वाटायचं मी तिला गाठतेय."

"ठरलं होतं आपलं. दिसली नाही तर बंद."

"मग बंद करा. पण तिला तुम्ही सांगा, की तुझी भरती आम्ही भीतीपायी बुडवली. मी सांगणार नाही." तिचा आवाज चढला नव्हता. "भीती मलाही वाटली.  मी पळत गेले तिच्या मागे, पार पंपहाउसपर्यंत. उद्यापण जाईन. ती पुढे असेल, मला दिसणार नाही, पण मी मागे असेन. याहून जास्त मला नाही जमायचं."

सुधीर कपडे करून कंपनीच्या बसला गेला. डबा ओट्यावरच राहिला. संध्याकाळी आला आणि जेवून झोपला. दुसऱ्या दिवशी पहाटे दोघी उठल्या तेव्हा तो नळाखाली बादली लावून उभा होता. तो 'जा' म्हणाला नाही आणि 'थांबा'ही म्हणाला नाही. परत आल्यावर त्याने चहा दिला आणि विचारलं काहीच नाही. त्यानंतर कधीच विचारलं नाही.

भरतीच्या दिवशी त्याने रजा काढली. मैदानाला उंच भिंत होती, आईबापांना फाटकाबाहेर झाडाखाली थांबवलं होतं. आतून शिट्टी ऐकू आली, मग पायांचा आवाज. सुधीर टाचा उंच करून बघू लागला. मग कुठून तरी दोन विटा आणून त्यांवर चढला.

"छे. धूळ तेवढी दिसतेय," तो म्हणाला.

"बसा तुम्ही. पळू दे तिला," नंदिनी म्हणाली.

तो विटांवरून उतरला आणि तिच्या शेजारी जमिनीवरच बसला, इस्त्रीच्या पँटीचा विचार न करता. चारचौघांत बायकोचा हात धरायची त्याला सवय नव्हती. त्या दिवशी त्याने धरला आणि अबोली बाहेर येईपर्यंत सोडला नाही.

अबोली वेळेत बसली. पुढच्या परीक्षांतही ती पास होत गेली, आणि जूनच्या सुरुवातीला ती प्रशिक्षणाला लांबच्या गावी निघाली. स्टेशनवर ट्रंक चढवताना सुधीरने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "नीट जा." पत्र टाक, एकटी फिरू नकोस, यातलं काहीच नाही. एकही अट त्याने घातली नाही, आणि नंदिनीला त्या सगळ्या निरोपात तेच सोसायला सर्वांत जड गेलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती उठून बुटाच्या नाड्या बांधू लागली.

"आज कशाला उठलीस?" सुधीरने अंधारातूनच विचारलं.

"पळायला."

"कोणाबरोबर?"

"कोणाबरोबर नाही."

तो अंथरुणात उठून बसला. "पाणी मी भरतो," मग म्हणाला.

रस्त्यावर बाळाबाई भेटली. टोपली डोक्यावरून न उतरवता तिने नंदिनीच्या पुढे पाहिलं, मागे पाहिलं.

"पोर गेली?"

"गेली काल."

"मंग आता तू कनाला पलतेस?"

नंदिनी जागच्या जागी पाय हलवत राहिली. "मला येतं आता," ती म्हणाली.

बाळाबाई बाजूला झाली. नंदिनी पळत राहिली. वळण येईपर्यंत सगळं ठीक होतं. वळण घेतलं, पुढचा लांबच लांब मोकळा रस्ता समोर आला आणि तिचा बांध फुटला. हुंदक्यावर हुंदका येऊ लागला. पाय चालू होते, पण श्वास कुठे पुरेना. रडायलाही तोच लागत होता आणि पळायलाही तोच. थोडं अंतर तिने दोन्ही करून पाहिलं. नाहीच जमलं. मग तिने ओढणीने तोंड पुसलं, रडणं थांबवलं आणि पंपहाउसकडे पळत राहिली.